हापूसचं सेल्स पेज आणि स्प्लिट टेस्ट : ट्रॅफिक कमी असेल तर कसं करायचं

मार्च लागला की कोकणातले बरेच आंबेवाले आता स्वतःचं पेज काढतात, इन्स्टावर ॲड लावतात, लोक पेजवर येतात, वर-खाली स्क्रोल करतात आणि निघून जातात. मग घरात चर्चा सुरू. कोणी म्हणतं बटण हिरवं करा, कोणी म्हणतं वरती बागेचा व्हिडिओ टाका, भाऊ म्हणतो रेट फार मोठा दिसतोय तो जरा बारीक करा, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मनासारखं पेज होतं. स्प्लिट टेस्ट म्हणजे हा वाद गिऱ्हाइकाकडूनच सोडवून घ्यायचा. पेजच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालू ठेवायच्या, येणाऱ्या माणसाला चिठ्ठी काढल्यासारखं ए किंवा बी पैकी एक पेज दाखवायचं आणि कुठल्या पेजवरनं जास्त ऑर्डरी येतात ते मोजायचं.

मी हापूसचं उदाहरण घेतोय कारण सीझन छोटा, माल नाशवंत आणि ट्रॅफिक (पेजवर येणारी माणसं) बेताचा, म्हणजे स्प्लिट टेस्टमधल्या झाडून सगळ्या अडचणी इथे भेटतात. मसाले, साड्या, ऑनलाइन क्लास, तुम्ही काहीही विकत असाल तरी हिशोब हाच.

"एकाच वेळी" हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. बरेच जण काय करतात, एक आठवडा जुनं पेज, पुढचा आठवडा नवीन पेज, आणि नवीनवर ऑर्डरी वाढल्या की म्हणतात झाली टेस्ट. हापूसमध्ये तर हे अजिबातच चालत नाही, कारण मार्चमध्ये डझनाचा भाव आभाळाला असतो आणि मे येईपर्यंत उतरत जातो, मध्ये पाडवा येतो, अक्षय्य तृतीया येते, लोकांचे पगार होतात, कोणाची तरी रील फिरते. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तुम्ही पेजवर नुसता फोन नंबर लिहिला तरी ऑर्डरी वाढतील. त्यामुळे दोन्ही पेजं एकाच दिवशी, एकाच भावात, एकाच ॲडमधनं आलेल्या लोकांसमोर गेली पाहिजेत.

आधी गणित, मग टूल

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथेच ९० टक्के लोकांची माती होते (हा आकडा माझ्या मनातला, अंदाजाने लिहिलाय). टेस्टला किती माणसं लागतील हे सुरू करायच्या आधी काढायचं असतं. त्यासाठी एक ढोबळ सूत्र आहे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं : १६ गुणिले सरासरी दर, गुणिले एक वजा सरासरी दर, आणि आलेल्या आकड्याला फरकाच्या वर्गाने भागायचं. दर म्हणजे पेजवर आलेल्यांपैकी ऑर्डर देणाऱ्यांचं प्रमाण, तो दशांशात घ्यायचा, आणि सरासरी नि फरक दोन पेजांच्या दरांचा. येईल तो आकडा एका पेजसाठी लागणाऱ्या माणसांचा.

समजा सध्या शंभरातले २ जण ऑर्डर देतात आणि तुम्हाला वाटतंय की नव्या पेजवर ३ देतील. सरासरी झाली ०.०२५, फरक ०.०१. मग १६ × ०.०२५ × ०.९७५ ÷ ०.०००१, म्हणजे ३,९००. प्रत्येक पेजला ३,९०० माणसं. रोज २०० लोक येत असतील तर एका पेजला १०० मिळतात, म्हणजे ३९ दिवस. अर्धा सीझन गेला की राव!

आता तेच २ वरनं २.२ होईल एवढीच अपेक्षा असेल, म्हणजे बटणाचा रंगबिंग बदललाय, तर लागतात प्रत्येकी ८२ हजारांच्या वर. दिवसाला १०० च्या हिशोबाने दोन वर्षांपेक्षा जास्त. आणि २ वरनं ४ व्हायची शक्यता असलेला दणदणीत बदल असेल तर १,१६० च्या आसपास पुरतात, बारा दिवसांत काम होतं, आपण दोन आठवडे धरू.

या सूत्रात दोन गोष्टी गृहीत धरल्यात. खरंच तेवढा फरक असेल तर पाचातल्या चार वेळा तो पकडला जाईल, आणि फरक काहीच नसेल तर वीसात एकदा टेस्ट उगाच "फरक आहे" असं ओरडेल. म्हणजे टेस्ट करूनही शंभर टक्के खात्री मिळत नाही, फक्त फसायची शक्यता किती हे आधीच माहीत असतं, आणि धंद्याला तेवढं बास होतं.

यातनं जे निघतं तेच मला या सगळ्यात सांगायचंय : ट्रॅफिक कमी असेल तर बारीक बदल टेस्ट करायचेच नाहीत. गूगलने म्हणे लिंकच्या निळ्या रंगाच्या ४१ छटा टेस्ट केल्या, खरंच केल्या होत्या, पण त्यांच्याकडे दिवसाला जेवढे लोक येतात तेवढे आपल्याकडे सात जन्मात येणार नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी वाचून त्यांच्यासारख्या बारीक टेस्टा लावत बसलं की सीझन संपतो आणि हातात येतं "निकाल स्पष्ट नाही". आपण असा बदल घ्यायचा ज्याने गिऱ्हाइकाचं मन खरंच हलेल. आणि रोज ५०च लोक येत असतील तर टेस्टच्या नादाला न लागता सरळ दहा गिऱ्हाइकांना फोन करा, त्यातनं जास्त कळेल.

मग बदलायचं काय

हे शोधायला पुस्तकं लागत नाहीत, तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा. गेल्या सीझनचे चॅट वर सरकवत जा आणि ऑर्डर द्यायच्या आधी लोकांनी काय विचारलं ते एका कागदावर उतरवा. हापूसमध्ये प्रश्न जवळपास ठरलेले असतात. खरा देवगड-रत्नागिरीचाच आहे ना? तयार येणार की कच्चा? कधी खायला होईल? खराब निघाला तर? डिलिव्हरी धरून किती? जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि ज्याच्यानंतर माणूस गप्प झालाय, तो तुमच्या पहिल्या टेस्टचा विषय.

सोबत मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी लावून घ्या, फुकट आहे, लोक पेजवर कुठे थांबतात, कुठे बोट मारतात, कुठनं परत फिरतात त्याचं रेकॉर्डिंग बघायला मिळतं. लोक रेटपर्यंत येऊन मागे फिरत असतील तर वरच्या फोटोवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता "खराब निघाला तर" हा प्रश्न घेऊ कारण हापूसमध्ये तो सगळ्यात खरा आहे. साका हे हापूसचं जुनं दुखणं, फळ बाहेरनं सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर, बाहेरनं ओळखू येत नाही, बागायतदारालाही येत नाही. गिऱ्हाइकाला हे माहीत असतं, नसेल तरी एकदा अनुभव आलेला असतो. बहुतेक पेजांवर याबद्दल चकार शब्द नसतो. तर ए पेज जसं आहे तसं ठेवा, आणि बी पेजवर रेटच्या अगदी वर लिहा : साका किंवा सडकं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. हा झाला दणदणीत बदल. इथे गिऱ्हाइकाची भीती तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेताय, आणि त्याचा खर्च किती येईल हेही टेस्टमध्येच कळणार आहे.

खरेपणाच्या प्रश्नावर दुसरी टेस्ट होऊ शकते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तर तो प्रमाणपत्राचा फोटो पेजच्या तळाशी लपवण्याऐवजी वर आणा, बागेचं गाव लिहा. दुसरीकडचा आंबा कोकणच्या पेटीत घालून विकला जातो हे लोकांना माहितीये, त्यामुळे नुसतं "१०० टक्के अस्सल" लिहून कोणी हलत नाही. तीच गत "कार्बाइड फ्री"ची. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे, सगळेच तसं लिहितात, त्यापेक्षा अढीत गवतावर आंबा लावलेला फोटो टाका आणि "पेटी उघडल्यावर तीन-चार दिवसांत तयार" असं तुमच्या मालाला लागू पडेल ते सरळ लिहा.

तिसरी टेस्ट रेट मांडण्याची. पाच डझनाची पेटी आणि डिलिव्हरी वेगळी, की दोन डझनाचा बॉक्स घरपोच एकच रक्कम? शहरात दोघांचं घर असतं, पाच डझन एकदम पिकले की पळापळ होते. हा बदलही मोठा आहे, टेस्टला लायक आहे.

पण एक करू नका, त्याच मालाचा भाव दोन पेजांवर वेगळा ठेवू नका. एकच माणूस इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये पेज बघतो आणि नंतर क्रोममध्ये उघडतो, दोन्हीकडच्या कुकीज (ब्राउझर माणसाची जी नोंद ठेवतो त्या) वेगळ्या, त्याला दोन भाव दिसणार, आणि त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर पडला की टेस्टबिस्ट राहू द्या, तुम्हाला दिवसभर खुलासे करत बसावं लागेल.

अजून एक, काउंटडाउन टायमर आणि "फक्त ३ पेट्या शिल्लक". खरंच तीन पेट्या असतील तर जरूर लिहा. खोटं असेल तर टेस्टमध्ये जिंकलं तरी लावू नका, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक, शेवटच्या पायरीला गुपचूप चार्ज वाढवणं हा दुसरा.

लावायची कशी

जुने व्हिडिओ बघाल तर सगळे गूगल ऑप्टिमाइझ वापरा सांगतात, ते गूगलने ३० सप्टेंबर २०२३ ला बंद केलंय, शोधत बसू नका. वर्डप्रेस असेल तर नेलियोसारखं प्लगइन आहे. जरा मोठा पसारा असेल तर व्हीडब्ल्यूओ, आपल्या दिल्लीच्या विंगिफाय कंपनीने बनवलेलं, जगभर वापरतात. यातलं काहीच नको असेल तर दोन वेगळी पेजं बनवा आणि कोड येणाऱ्या कोणाकडून तरी चार ओळी लिहून घ्या, ज्या माणसाला आला की ए किंवा बी वर पाठवतील आणि कुकीत लक्षात ठेवतील, म्हणजे तो परत आला तरी त्याला तेच पेज दिसेल. आयफोनच्या सफारीत अशी स्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत उडते, थोडी सरमिसळ होणार, ती दोन्ही बाजूंना सारखीच होते म्हणून सोडून द्यायची.

या चार ओळींत एक खाच आहे. ए पेज सरळ उघडतंय आणि बी पेज मात्र रीडायरेक्ट होऊन, म्हणजे एका लिंकवरनं दुसरीकडे वळून, उघडतंय असं करू नका, त्यात बी ला उशीर लागतो, गावाकडच्या नेटवर जास्तच लागतो, आणि लोक पेज दिसायच्या आधीच पळतात, मग बी हरलं ते मजकुरामुळे की उशिरामुळे कळत नाही. दोघांनाही रीडायरेक्ट करा. रीडायरेक्ट ३०२ प्रकारचा ठेवा, म्हणजे तात्पुरता, ३०१ नको, आणि बी पेजवर कॅनॉनिकल टॅग (मुख्य पेज कुठलं ते गूगलला सांगणारी खूण) मूळ पेजचा द्या, गूगलचं स्वतःचंच असं सांगणं आहे, सर्चमध्ये गोंधळ होत नाही.

मेटाच्या (फेसबुक-इन्स्टावाल्या कंपनीच्या) ॲडमधनं करायचं असेल तर दोन ॲड सेट बनवून एकाला ए ची लिंक आणि दुसऱ्याला बी ची असं सरळ लावू नका. मेटा कोणाला काय दाखवायचं ते स्वतः ठरवतं, दोन्हीकडे वेगळ्या प्रकारची माणसं जातात, आणि तुम्ही पेजांची तुलना करतोय समजून माणसांची तुलना करत बसता. ॲड्स मॅनेजरमध्ये ए/बी टेस्टचा वेगळा पर्याय आहे तो वापरा, किंवा ॲड एकच ठेवून वाटणी आपल्या पेजवर करा. मला दुसरं जास्त पटतं.

मोजायचं काय

आपल्याकडे अर्ध्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि तिथेच मोजणी तुटते. उपाय सोपा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट लिंकमध्ये मेसेज आधीच लिहून ठेवता येतो, तर ए पेजच्या लिंकमध्ये "नमस्कार, हापूस हवा आहे" आणि बी पेजच्या लिंकमध्ये "नमस्कार, हापूस मागवायचा आहे" असं ठेवा. मेसेज बघितला की माणूस कुठल्या पेजवरनं आलाय ते लगेच कळतं. काही जण मेसेज पुसून स्वतःचं लिहितात, चालायचंच, दोन्हीकडे पुसतात.

बटणावर किती क्लिक आले हा आकडा बघायला छान असतो पण त्याच्यावर निकाल लावू नका. "भाव विचारण्यासाठी क्लिक करा" लिहिलं तर क्लिक धो धो येतील आणि ऑर्डर एक नाही. मोजायची ती पैसे आलेली ऑर्डर. कॅश ऑन डिलिव्हरी देत असाल तर त्याहून पुढे जा, पोचलेली आणि घेतलेली पेटी मोजा, कारण परत आलेला आंबा म्हणजे दोन्ही बाजूचं भाडं गेलं आणि फळही गेलं. साक्याच्या टेस्टमध्ये तर परत दिलेले पैसे वजा करून मग हिशोब धरायचा, म्हणजे टेस्ट थांबवल्यानंतरही आठवडाभर निकाल लावायचा नाही.

आणि रुपयांपेक्षा ऑर्डरींची संख्या धरा. एखाद्या सोसायटीने एकदम वीस पेट्या घेतल्या की त्या पेजची विक्री आकाशाला भिडते, आणि तो सेक्रेटरी कुठलंही पेज दिसलं असतं तरी वीसच पेट्या घेणार होता.

चालू असताना हात बांधून बसा

हे सगळ्यात अवघड. तिसऱ्या दिवशी बी ला ९ ऑर्डरी आणि ए ला ४ दिसतात आणि माणूस नाचायला लागतो, बंद करा टेस्ट, बी जिंकलं. थांबा. रोज आकडा बघायचा आणि फरक "सिग्निफिकंट" (नुसता योगायोग नाही असा) दिसला त्या दिवशी थांबवायचं असं केलं तर मघाशी म्हटलेली वीसातली एक चूक तेवढीच राहत नाही. दहा वेळा असं डोकावून बघितलं तर काहीच फरक नसताना फरक दिसायची शक्यता १९ टक्क्यांपर्यंत जाते, पाचात एक म्हणा. म्हणून आधी काढलेला माणसांचा आकडा पूर्ण होईपर्यंत निकाल लावायचा नाही, आणि दिवसही पूर्ण आठवड्यांच्या पटीत ठेवायचे, १४ किंवा २१, कारण रविवारचं गिऱ्हाईक आणि मंगळवारचं गिऱ्हाईक वेगळं वागतं.

मध्ये बघायचंच असेल तर ऑर्डरींऐवजी माणसांची वाटणी बघा. निम्मे-निम्मे ठरलं असताना ए ला ५,००० आणि बी ला ४,७०० गेले असतील तर थोडाच फरक आहे म्हणून सोडू नका, एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडायची शक्यता हजारात दोन-तीन. म्हणजे कुठेतरी गळती आहे, बी उघडत नाहीये किंवा ट्रॅकिंग उशिरा लागतंय. गळती बुजवून टेस्ट पहिल्यापासून लावायची, जुने आकडे फेकून.

एक जुनं उदाहरण सांगतो, कारण त्यात आकडे सगळे उघड आहेत. २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत ओबामांच्या टीमने ईमेल नोंदणीच्या पानावर ४ बटणं आणि ६ फोटो-व्हिडिओ अशी २४ कॉम्बिनेशनं लावली होती. ३,१०,३८२ लोक आले, म्हणजे प्रत्येक कॉम्बिनेशनला साधारण १३ हजार. टीममधल्या लोकांना व्हिडिओ आवडत होता. झालं काय, सगळे व्हिडिओ फोटोंपेक्षा मागे पडले, जिंकला कुटुंबाचा फोटो आणि "लर्न मोअर" लिहिलेलं बटण, नोंदणी ८.२६ टक्क्यांवरनं ११.६ वर गेली. आता हे वाचून आपल्या पेजवर "अधिक जाणून घ्या" लावायला धावू नका, तिथे लोक फुकट नोंदणी करत होते, इथे पैसे द्यायचेत. मला यातनं दोन गोष्टी घ्यायच्यात, एक म्हणजे टीमला आवडलेलं हरलं, आणि दुसरी म्हणजे २४ कॉम्बिनेशनं लावायला त्यांच्याकडे तीन लाख माणसं होती. आपल्याकडे नाहीत, आपण ए आणि बी. सी सुद्धा नको.

निकाल आल्यावर

फरक स्पष्ट निघाला तर जिंकलेलं पेज सगळ्यांना लावा, हरलेल्या पेजची लिंक आता ३०१ ने जिंकलेल्याकडे वळवा, टेस्टची स्क्रिप्ट काढून टाका, विनाकारण पेज जड करते. फरक निघालाच नाही, जे बऱ्याचदा होतं, तर ज्यात तुमचा खर्च आणि डोकेदुखी कमी ते पेज ठेवायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मग "फक्त आयफोनवाल्या पुणेकर बायकांमध्ये बी जिंकलं" असले तुकडे पाडत बसू नका, इतके तुकडे पाडले की कुठल्या तरी तुकड्यात कोणी तरी जिंकतंच. फार तर त्यातनं पुढच्या टेस्टची कल्पना घ्या.

वहीत नोंद ठेवा : काय बदललं, कुठल्या तारखा, तेव्हा डझनाचा भाव काय होता, किती लोक, किती ऑर्डरी, किती परत. भाव लिहायचा विसरू नका, दोन हजारच्या डझनाला जे आश्वासन लागतं ते सहाशेच्या डझनाला लागेलच असं नाही, त्यामुळे मार्चमध्ये जिंकलेलं पेज मे मध्ये परत तपासण्यासारखं असतं.

एवढ्या सीझनमध्ये नीट दोन टेस्टा होतात, ओढून-ताणून तीन. मे च्या मध्यानंतर नवीन लावू नका, तोवर कॅनिंगचा माल सुटलेला असतो, घेणारं गिऱ्हाईक बदललेलं असतं, आणि आकडा पूर्ण व्हायच्या आत पाऊस येतो. तेव्हा सगळा ट्रॅफिक जिंकलेल्या पेजवर सोडा आणि ज्यांनी मार्च-एप्रिलमध्ये पेटी घेतली त्यांना शेवटच्या तोडीचा मेसेज टाका.